एकल्या बुरुजावरची बाई

"पाय जपून टाक गो, शेवाळ आहे," झुलेखा मागून ओरडली आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच घसरून बसली. तरी खांद्यावरच्या बाईचे पाय तिने सोडले नाहीत.

"लागलं का?" कुंदाने विचारलं.

"मला नाही. हिच्या गुडघ्याची कामटी मोडली वाटतं."

बाई आम्हीच केलेली होती. मोडक्या वल्ह्याचा कणा, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर फाटक्या जाळ्यांचे थर आणि डोक्याच्या जागी सुंभात गुंडाळलेली बोयी, म्हणजे जाळं पाण्यावर तरंगत ठेवतात ती. उंचीला आमच्यापेक्षा हातभर जास्तच. झुलेखाच्या वडिलांची बंद पडलेली बर्फाची शेड होती, तिथे दार लावून आम्ही ती केली. मी गावच्या हायस्कूलात चित्रकला शिकवायचे, झुलेखा शिवणकाम करायची, आणि कुंदाचा हात जाळं विणण्यात बसलेला. पहिलीपासून तिघी एका बाकावर बसलेल्या.

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं होऊन गेली. आडबंदरला तेव्हा पर्यटक येत नसत. खाडीच्या तोंडाशी समुद्रात जुन्या किल्ल्याचा एकच बुरूज उभा आहे, त्याला एकला बुरूज म्हणतात. पुनवेच्या मोठ्या ओहोटीला किनाऱ्यापासून तिथवर काळ्या खडकांची वाट उघडी पडते. सकाळी पाणी उतरलेलं असताना जायचं आणि भरती चढायच्या आत परतायचं, तेवढीच काय ती सवड. आम्ही शिमग्याची पुनव मुद्दाम धरली होती. त्या दिवशी होड्या दर्यात जात नाहीत, पुरुष होळीचं झाड आणायला रानात गेलेले असतात आणि बायका पुरण वाटत असतात. बुरुजाकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

ही बाई बुरुजावर उभी करायची कल्पना कुंदाची. दोन वर्षांपूर्वी कार्तिकातल्या वादळात गावची एक होडी गेली, तिच्यावर कुंदाचा नवरा जनार्दन होता. एकाही माणसाचं प्रेत मिळालं नाही. त्या माणसांच्या नावाने बंदरावर एक दगड बसवावा, असं मी गावाच्या बैठकीत सुचवलं, तर म्हातारी माणसं अंगावर आली. दगड बसवला म्हणजे ती मेली असं आपल्याच तोंडाने म्हटल्यासारखं होईल, म्हणाली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कुंदा माझ्याकडे आली. "दगड नको म्हणतात ना, मग बाई कर. दर्याकडे बघत उभी असलेली. एकल्या बुरुजावर. कुणी केली ते कुणालाच कळता कामा नये."

मला ते फार आवडलं. मी रात्रंदिवस त्याच विचारात असे.

बुरुजाच्या पोटात, भिंतीतून वर जाणारा अरुंद जिना आहे. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. बाईला डोक्याकडून ओढत, पायांकडून ढकलत आम्ही तिला माथ्यावर नेलं. झेंड्याची काठी रोवायचं एक भोक तिथे दगडात होतं. त्यात वल्ह्याचं टोक बसवलं, पाचरी ठोकल्या, तारेने चारी बाजूंनी आवळलं. बाई उभी राहिली. जाळ्यातून वारा जाऊ लागला तसा तिच्या अंगातून बारीक आवाज यायला लागला. मी मागे सरून बघतच राहिले. माझ्या हातून याआधी असं काही झालं नव्हतं.

तेवढ्यात कुंदाने पिशवीतून स्वतःची साडी काढली. मोरपंखी, लाल काठाची. गावात ती सगळ्यांच्या ओळखीची होती, कारण रोज दिवेलागणीला तीच नेसून कुंदा बंदरावर उभी असायची. तिच्या सासूचा, भागाकाकीचा तसा नेमच होता. सुनेने कंदील घेऊन बंदरावर उभं राहायचं. बायकोचा दिवा दिसला की जना वाट चुकणार नाही, असं म्हातारीने मनात धरलं होतं. तिला स्वतःला गुडघ्यांमुळे वाळूत चालवत नसे. ती दारात बसून राही आणि कुंदा परत आली की विचारी, "दिसलो काय खंय?" पाऊस असो, ताप असो, त्यात खंड नव्हता.

"हे ठरलं नव्हतं," मी म्हणाले. "साडीने सगळं काम झाकून जाईल."

"उघडी उभी करू का हिला, भर दर्यात?" कुंदा म्हणाली आणि तिला साडी नेसवू लागली. निऱ्या नीट धरल्या, पदर डोक्यावरून घेऊन तारेने शिवून टाकला. झुलेखा तिला मदत करत होती. माझ्याकडे मात्र ती बघत नव्हती.

आम्ही उतरणार इतक्यात इंजिनाचा आवाज आला.

तिघी जिन्यात बसलो. भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेली एक फट होती, त्यातून बघितलं. गावातलीच एक लाँच लांबची मासेमारी आटपून शिमग्यासाठी उशिराने परतत होती. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळू वर येते, पाणी चढल्याशिवाय लाँचला आत जाता येत नाही. त्यांनी आमच्या वाटेच्या समोरच नांगर टाकला आणि माणसं फळ्यांवर आडवी झाली.

"झोपली असतील. पळूया," मी म्हणाले.

"एक जण बिडी ओढतोय, बघ," झुलेखा म्हणाली. "खडकावरून तीन बायका जाताना दिसणार नाहीत त्याला?"

बघितलं असतं तर काय झालं असतं, असं आज कुणीही विचारेल. गावाने नको म्हटलेली गोष्ट आम्ही केली होती. माझी नोकरी ज्या संस्थेत होती तिचे अर्धे पंच त्या बैठकीत ओरडलेले. झुलेखाकडे कपडे टाकायचं गावाने थांबवलं असतं तर तिच्या घरात चूल पेटली नसती. आणि कुंदाचं तर बोलायलाच नको. म्हणून बसून राहिलो. खालच्या पायरीशी पाणी खळखळायला लागलं तेव्हा मी पुन्हा फटीतून पाहिलं. आमच्या वाटेचे दोन-चार काळे उंचवटे तेवढे उरले होते. बघता बघता तेही गेले.

"आता संध्याकाळपर्यंत," झुलेखा म्हणाली. प्यायचं पाणी तिच्या बाटलीत होतं तेवढंच.

धुकं उठलं आणि ऊन वर आलं, तशी लाँचवर हालचाल झाली.

"अरे, थंय वर कोण उभी आसा रे?"

"बाईल माणूस दिसता."

"कुंदावैनी ती! लुगडा बघ मां तिचा!"

मग सगळेच ओरडू लागले. "वैनी! गो वैनी! फुडे येव नको! खाली बस!"

मी उठायला गेले तशी कुंदाने माझा हात धरला. "नको."

"अगं, त्यांना वाटतंय तू जीव द्यायला उभी आहेस!"

"वाटू दे. जातील ते."

ते गेले, पण गावात सांगायला. पाणी पुरेसं चढताच लाँच नांगर उचलून खाडीत शिरली, आणि थोड्याच वेळात किनाऱ्यावर माणसं जमू लागली. होळीचं झाड टाकून आलेले पुरुष, पिठाच्या हातांनी आलेल्या बायका. कुणी हात हलवत होतं, कुणी शंख फुंकत होतं. लाटांच्या आवाजात आमच्यापर्यंत शब्द येत नव्हते, फक्त कल्लोळ येत होता. पुनवेचं उधाण, बुरुजाभोवती लाटा फुटत होत्या, त्यात होडी आणणं शक्य नव्हतं.

खाली पाणी एकेक पायरी गिळत होतं. वर गेलो तर सगळ्या गावाला दिसणार. मधल्या आठ-दहा पायऱ्यांवर आम्ही तिघी एकीखाली एक बसलो होतो, गुडघे भिंतीला टेकलेले. वटवाघळांच्या घाणीचा वास, दगडातून पाझरणारं खारं पाणी. प्रत्येक लाट आदळली की जिन्यातली हवा दाबली जायची आणि कानांत दडे बसायचे. झुलेखाला दम लागायला लागला. ती डोळे मिटून तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होती.

"मी वर जाते," मी म्हणाले. "नोकरी गेली तर गेली. त्यांना सांगू, ती नुसती जाळ्याची आहे."

"थोडं थांब," कुंदा म्हणाली.

"कशासाठी? आता काय लपवायचं राहिलंय?"

झुलेखाने डोळे न उघडता म्हटलं, "सांगून टाक आता तिला."

"काय सांगून टाक?"

कुंदाने मांडीवरची पिशवी माझ्याकडे सरकवली. साडी काढून ती रिकामी झाली असेल असं मला वाटलं होतं. आत दोन पोलकी, एक साडी, फणी आणि तिचा दहावीचा दाखला होता.

"मी आज जाणार होते," कुंदा म्हणाली. "इथून उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने होडीच्या तरीपर्यंत, आणि खाडीपलीकडून एस.टी. मिरजेला झुलेखाची मावशी आहे, तिचं शिवणाचं दुकान आहे. ती ठेवून घेते म्हणाली. इथे सगळे शिमग्यात. कुणी बघितलंच तर बुरुजावर माझी साडी दिसेल. म्हणतील, कुंदा आज तिथे जाऊन उभी राहिली. रात्रीपर्यंत कुणी शोधलं नसतं."

इतके दिवस मी ज्या बाईचे खांदे, मान, उभं राहण्याची ढब जमवत होते, ती मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी आहे असं मला वाटत होतं.

"जनार्दनसाठी नव्हती ती?"

"माझ्यासाठी होती. माझ्या जागी उभं राहायला कुणीतरी पाहिजे होतं ना." तिचा आवाज चढला नाही. "रोज कंदील घेऊन मी काय बघत होते, सांगू? पहिलं वर्ष त्याची वाट बघितली. मग नुसतंच पाणी. आणि आता मला भीती वाटते, की तो खरंच आला तर मला आनंद होईल की नाही. असं माणूस झालेय मी. अजून वर्षभर उभी राहिले तर माझं जाळंच होईल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला समजावत बसली असतीस. म्हणाली असतीस, म्हातारीशी बोलूया. बोलून झालंय माझं, रोहिणी. ती वाईट नाही. तिचा मुलगा गेलाय. मी एक दिवस गेले नाही तर ती जेवत नाही. वाईट असती तर कधीच सोडून गेले असते."

मला राग आला होता आणि रडूही. पण त्या जिन्यात दोन्हीला जागा नव्हती.

उन्हं डोक्यावर आली. पाण्याची बाटली संपली. मी फटीला डोळा लावला आणि गर्दीच्या पुढे, पार पाण्याच्या कडेला, भागाकाकी दिसली. तिला कुणीतरी हाताला धरून आणलं असणार. दोन्ही हात वर करून ती आमच्या जाळ्याच्या बाईला काहीतरी सांगत होती, मध्येच हात जोडत होती. कुणी बसायला सांगितलं तर झिडकारत होती. मी बाजूला झाले आणि कुंदाला बघू दिलं.

ती पुष्कळ वेळ बघत होती. मग एकदम म्हणाली, "विलास काय करतोय?"

विलास म्हणजे भागाकाकीचा धाकटा मुलगा. त्याने लहान होडी पाण्यात ढकलली होती. माणसं त्याला मागे ओढत होती, त्याने वल्हं फिरवून त्यांना हुसकावलं आणि तो निघाला. पहिली लाट त्याने घेतली. दुसरीने होडीचं तोंड फिरलं. बुरुजाच्या पुढचे खडक पाण्याखाली होते, पण कुठे आहेत ते त्या फेसावरून कुणालाही कळलं असतं. किनाऱ्यावरचा कल्लोळ थांबला होता. भागाकाकीचे हात अजून वरच होते, पण आता ते बुरुजाकडे नव्हते, होडीकडे होते.

"मरेल तो," कुंदा म्हणाली, आणि मला ओलांडून, माझ्या खांद्यावर पाय देऊन वर धावली.

मी तिच्या मागे गेले. जिन्यातून बाहेर पडल्यावर उन्हाने क्षणभर काही दिसेना. मग दिसली ती अशी: आमच्या बाईच्या शेजारी, बुरुजाच्या अगदी कडेवर कुंदा उभी होती आणि दोन्ही हातांनी मागे जा, मागे जा असं करत होती. घसा फोडून ओरडत होती. "विलास! मागे फिर! मी आसंय! मी बरी आसंय!"

विलासने मान वर केली. एकीच्या जागी दोन बायका, त्यातली एक हलणारी. त्याचं वल्हं हातातच राहिलं. तेवढ्यात आलेल्या लाटेने होडी उचलली आणि खडकाच्या बाजूला आपटली. एक फळी तुटून वर उडाली. तो पाण्यात पडला असं मला वाटलं, पण तो होडीतच होता, वाकून वल्हं मारत, तोंड किनाऱ्याकडे फिरवलेलं. तुटक्या होडीत पाणी भरत होतं. लोक कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि त्यांनी त्याला ओढून घेतलं.

कुंदा मग खाली बसली. जाळ्याच्या बाईच्या पायाशी, तिच्याच साडीच्या सावलीत. झुलेखा वर आली. आता लपायचं काही नव्हतं. सगळ्या गावासमोर आम्ही तिघी तिथे बसून राहिलो आणि गाव आमच्यासमोर उभं राहिलं. कुणी कुणाला काही सांगू शकत नव्हतं. खडक उघडे पडेपर्यंतची ती दुपार मला अख्ख्या आयुष्यात सगळ्यात लांब वाटलेली आहे.

सूर्य कलल्यावर वाट मोकळी झाली. आम्ही उतरलो. मला वाटत होतं की मारतील. पण कुणी पुढे आलं नाही. फक्त भागाकाकी विलासच्या आधाराने गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. कुंदा जवळ गेली तेव्हा म्हातारीने आधी तिचं मनगट चाचपलं, मग कोपर, मग खांदा.

"खरी आसंस मां गो?"

"मी आसंय, आये."

"सकाळपासून मी त्या बाईक हाका मारतंय. वळान बघना नाय. माजो घसो सुकलो." तिचे ओठ फुटले होते. "एक दिवस उभी रवलंय तर पाय गेले माजे. तू दोन वर्सां कशी उभी रवलंस?"

"तुमी सांगितलास म्हणान."

भागाकाकीने दर्याकडे पाहिलं. मग विलासच्या कपाळाकडे, जिथून रक्त येऊन सुकलं होतं. सगळं गाव ऐकत होतं, पण ती फक्त कुंदाशी बोलत होती.

"जना येवचो नाय गो. येणारो आसतो तर त्याना तुका इतके दिवस उभी ठेवली नसती. माजो झील माका म्हायत आसा."

एवढं बोलून ती वळली. दोन वर्षांत त्या गावात ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईने, जिचा भाऊ त्याच होडीवर होता, मोठ्याने गळा काढला.

होळी उशिरा पेटली. त्या रात्री मी कुंदाच्या घरी होते. थोड्या वेळाने वाडीतल्या चार म्हाताऱ्या बायका दारात आल्या. सासूनेच मुलगा गेला म्हटल्यावर आता सुनेच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या आरडाओरडा करायला आल्या नव्हत्या, रीत करायला आल्या होत्या. कुंदा उठून उभीही राहिली होती.

भागाकाकी भिंत धरत दाराशी गेली आणि उंबरठ्यात वाट अडवून उभी राहिली.

"आज माज्या घरात कोण मेला नाय," ती म्हणाली. "आज माजी सून परत इली. पोळये खावच्ये आसतीत तर आत येवा." आणि कुणीच आत येईना, तशी तिने दाराला कडी घातली.

कुंदाची पिशवी कोपऱ्यात होती. म्हातारीने ती उघडून पाहिली, आतला दाखला उलटसुलट केला. वाचता येत नव्हतं तिला. "खंय जायत होतंस?" तिने विचारलं. कुंदाने सगळं सांगितलं. भागाकाकी ऐकत होती आणि पोळीचा एकच तुकडा कितीतरी वेळ चावत होती.

माझी नोकरी त्या महिन्यातच गेली. झुलेखाकडे काही दिवस कुणी फिरकलं नाही, मग लग्नसराई आली आणि सगळे निमूट आले. बुरुजावरची बाई काढून टाका असं पंच म्हणत होते, पण काढायला वर कुणी जाईना. पहिल्या मोठ्या पावसाळी उधाणात ती आपोआप गेली.

कुंदा मात्र त्याआधीच गेली होती. रंगपंचमी झाल्यावर मी आणि भागाकाकी तिला एस.टी.वर सोडायला गेलो. हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या. बस लागली, पिशवी टपावर गेली, कंडक्टर दोनदा ओरडला, तरी कुंदा सासूसमोरून हलेना. म्हातारीच्या गुडघ्यांकडे बघत होती.

"चढ," भागाकाकी म्हणाली.

"आये, मी दिवाळीक येतंय."

"येवचा वाटला तर ये. नसला तर नको." तिने कुंदाला खांद्याला धरून पायरीवर ढकललं. "मी काय तुजी वाट बघूचंय नाय."

बस सुटली तेव्हा मी हात हलवला. भागाकाकी त्याआधीच पाठ फिरवून घरच्या वाटेला लागली होती.